पाव सुताची करवत

खोकं उघडून करवत बाहेर काढली तेव्हा आबा खुर्चीत पेपर वाचत होते. चष्म्याच्या वरून बघून म्हणाले, “ही काय करवत हाय व्हय पोरी? उसाची पात हाय ही.”

आबा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या गावभागात राहून त्यांनी चाळीस वर्षं सुतारकी केली. दारं, खिडक्या, पाळणे, देव्हारे, शिवाय आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्यांची डागडुजी. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर नोटा मोजते. रंधा हातात धरायला शिकले ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, तीही विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. तेव्हा हे परीक्षण कारागिराचं नाही, कारागिराच्या शेजारी बसून हत्यार वापरणाऱ्या हौशी बाईचं आहे, एवढं धरून वाचा. करवत गेल्या दिवाळीनंतर घेतली. सात महिने झाले.

करवत जपानी आहे, ‘ऱ्योबा’ जातीची. ऱ्यो म्हणजे दोन्ही, बा म्हणजे धार. पात्याच्या एका कडेला उभ्या कापाचे दात, म्हणजे लाकूड तंतूंच्या दिशेनं चिरायचे, आणि दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे, तंतू आडवे तोडायचे. त्यांच्याकडे आणखी जाती आहेत. ‘काताबा’ला एकच कड असते. ‘दोझुकी’च्या पाठीवर ताठपणासाठी पट्टी बसवलेली असते, ती सांधे कापायला चांगली, पण पट्टीमुळे खोल जात नाही. मला फळ्या उभ्या चिरायच्या होत्या, म्हणून ऱ्योबा. पातं 240 मिमीचं, जाडी अर्धा मिमी, लांबलचक मुठीवर वेत गुंडाळलेला. ऑनलाइन मागवली, बत्तीसशे रुपये पडले. शंभर फुटी रोडला चार दुकानं फिरले होते, कुणाकडे नव्हती. एकानं तर फोटो बघून फांद्या कापायची करवत काढून दिली. चूक त्याची नाही, ती पण ओढूनच कापते.

घ्यायचं कारण सांगते, कारण कोणत्या कामासाठी घेतली हे कळल्याशिवाय हत्याराचं कौतुक करण्यात अर्थ नाही. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 ची. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात माळ्याला टेकायचं तेवढं पाणी बाकी होतं. पुढं घर उतरवलं, तेव्हा मागच्या दाराच्या दोन सागवानी फळ्या आबांनी बाजूला काढल्या. त्यांच्या वडिलांनी रंधलेल्या. खालचा भाग चिखलात बसून गेलेला, वरचा कडी-कोयंड्याच्या भोकांनी आणि चिरांनी वाया गेलेला. मधली दोन-सव्वादोन फूट लांबी तेवढी धड. रुंदी 9 इंच, जाडी साफ केल्यावर जेमतेम इंच. त्यातून मला स्वयंपाकघरात भिंतीवर बरण्यांची मांडणी करायची होती. हिशेबानं अकरा पट्ट्या लागत होत्या, सगळ्या 36 मिमी रुंद.

वखारीत घेऊन गेले. मालकानं फळी उलटीपालटी करून परत हातात दिली. “जुनं लाकूड, ताई. आत खिळा निघाला तर आमचं पातं कोण देणार?” त्याचं बरोबरच होतं, ते पुढं मला माझ्याच खर्चानं कळलं. हातातलं सर्क्युलर सॉ घ्यावं तर खालच्या मजल्यावर बारावीचा मुलगा, आणि मला वेळ मिळणार रात्री नऊनंतर. आबांची करवत होती, पण तिच्या कापाचा हिशेब बसेना. तो हिशेब असा.

आपल्याकडे सुताराचं माप इंच आणि सुतात चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत सव्वातीन मिमीला किंचित कमी. आबांच्या करवतीचा काप, म्हणजे भुसा होऊन जाणाऱ्या चरीची रुंदी, मी व्हर्नियरनं मोजला, तर दोन मिमी. वर तो काप खडबडीत, त्यामुळे रंध्यात प्रत्येक पट्टीमागे आणखी दोन मिमी जाणार. 9 इंच म्हणजे 228 मिमी. सहा पट्ट्या 216 मिमीच्या, पाच कापांचे 10, रंध्याचे 12, झाले 238. फळीत बसत नाही. म्हणजे एका फळीतून पाचच पट्ट्या, दोन फळ्यांतून दहा, आणि मला हव्यात अकरा. या करवतीचा काप भरतो 0.9 मिमी. पाव सुतापेक्षा किंचित जास्त. काप साफ असल्यामुळे रंध्याला पट्टीमागे एक मिमी पुरतो. 216 अधिक साडेचार अधिक सहा, दोनशे साडेसव्वीस. बसलं! फळीमागे सहा, एकूण बारा, आणि एक चुकवायला शिल्लक. आजोबांच्या लाकडातून भुसा कमी आणि पट्टी जास्त निघावी, एवढ्यासाठी बत्तीसशे रुपये. कॅशियर बाईचा हिशेब, दुसरं काय.

पातं एवढं पातळ का चालतं, ते पहिल्या पाच मिनिटांत हाताला कळतं. आपली करवत ढकलताना कापते. ढकलायचं तर पातं वाकता कामा नये, म्हणून ते जाड, आणि पातं जाड म्हणून काप रुंद. जपानी करवत ओढताना कापते. ओढलं की पातं ताणलं जातं आणि ताणलेली वस्तू आपोआप सरळ होते. सुताराचा दोरा ताणल्यावर सरळ होतो, तसं. म्हणून अर्ध्या मिमीचा पत्रा पुरतो.

हे मी आबांना रंगवून सांगत होते. त्यांनी “आण इकडं” म्हणून करवत घेतली, पडीक तुकड्यावर ठेवली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं दिली पुढं ढकलून. पातं मधोमध कमानीसारखं वर आलं, खळ्ळ आवाज झाला. आबांनी हात लगेच सोडला म्हणून निभावलं. अजूनही उजेडात आडवं धरलं की मधे बारीकशी लाट दिसते. चालते, पण त्या जागी पातं कापात किंचित घासतं. तुमच्या घरात जुना हात असेल तर आधी त्याला सांगून ठेवा, मग हत्यार द्या. परतीचा हात हलका, पुढं जाताना नुसतं सरकवायचं, जोर फक्त आपल्याकडे येताना.

दातांकडे भिंग लावून बघण्यासारखं आहे, मी मुलीच्या प्रयोगवहीच्या सामानातलं घेतलं. आडव्या कापाचा दात लांब, टोकदार, तीन बाजूंनी घासलेला, सुरीच्या टोकासारखा. तो लाकडाचे तंतू तोडतो. उभ्या कापाचा दात वेगळाच. टोकाला सपाट, जणू इवलीशी पटाशी. अशा पटाश्यांची रांगच. ती तंतूंच्या दिशेनं लाकूड खरवडत जाते, म्हणून या बाजूचा भुसा पिठासारखा नसतो, छोटे दोरे निघतात. भुश्याकडे बघूनच कळतं की आपण बरोबर कड वापरतोय का. आणि आणखी एक. उभ्या कापाच्या बाजूला मुठीजवळचे दात बारीक आहेत, टोकाकडे जाताना ते मोठे होत जातात. सुरुवात मुठीजवळच्या दातांनी करायची, म्हणजे करवत उड्या मारत नाही. अंगठ्याचं नख पात्याला टेकवून दोन-तीनदा अलगद ओढायचं, चर पडली की मग पूर्ण लांबी वापरायची. पहिल्या दिवशी मी टोकाकडूनच सुरुवात केली होती. फळीच्या कडेचा तुकडा उडाला आणि नखाचाही.

आता मूळ मुद्दा. उभा काप सरळ येतो का?

पहिली पट्टी कापून झाली तेव्हा मी खूश होते. वरून रेघेवर अगदी तंतोतंत. पट्टी उलटी केली, तर खालच्या बाजूला काप रेघेच्या जागेपासून दीड मिमी बाहेर गेलेला. दोन फुटांत हळूहळू, मला न सांगता. बाराव्या पट्टीची शिल्लक तिथंच संपली. करवतीवर राग काढायच्या आधी मी आबांना दाखवली. ते पट्टी हातात फिरवत म्हणाले, “खाली रेघ कुठाय?”

नव्हतीच. मी फक्त वरच्या अंगाला रेघ मारली होती.

मला या करवतीनं शिकवलं ते हे, आणि बाकी सगळं याच्यापुढं किरकोळ आहे. जाड करवतीला चुकीची रेघ चालून जाते, कारण नंतर रंध्यानं सगळं सारखं करायचंच असतं. आबांचा दोरा काव लावून मारला की दोन मिमीची रेघ उमटते. सुताराची चपटी पेन्सिलही धार न काढता वापरली तर मिमीभर जाड. या करवतीचा कापच 0.9 चा. म्हणजे रेघ कापापेक्षा जाड! रेघेच्या कुठल्या कडेनं जायचं, रेघ ठेवायची की खायची, हे जर आधी ठरलेलं नसेल तर करवत बिचारी काय करणार? ती तुमच्या मनातल्या गोंधळाचं हुबेहूब चित्र लाकडात काढून देते.

म्हणून मी पेन्सिल सोडली. कडेला समांतर रेघेसाठी मार्किंग गेज, आबांच्या भाषेत खतावणी. तिचा खिळा घासून सुरीसारखा केला. फळीची एक कड आधी रंध्यानं सरळ करून घ्यायची, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघायची, मग त्या कडेवर खतावणी टेकवून वरच्या अंगाला, खालच्या अंगाला आणि दोन्ही टोकांना अशी सगळीकडून रेघ फिरवायची. खतावणीची सेटिंग मधे हलवायची नाही. ही रेघ म्हणजे लाकडात पडलेला बारीक चिरा असतो, आणि पातं पहिल्या दोन ओढींत त्यात जाऊन बसतं. तो क्षण हाताला कळतो. पातं डगमगायचं थांबतं आणि आवाज बदलतो, खर्र चा सर्र होतो.

दुसरी गोष्ट फळी उलटवत राहणं. एका अंगानं करवत तिरपी धरून वरची रेघ दोन-तीन इंच कापायची, मग फळी उलटून दुसऱ्या अंगानं तेवढीच, मग परत पहिल्या. मधे जो तिकोन राहतो तो पुढच्या फेरीत आपोआप जातो, आणि पातं आधी झालेल्या दोन्ही चरांना धरून चालतं. वेळ जातो, उठबस होते. पण दुसऱ्या पट्टीपासून खालचा बाक अर्ध्या मिमीच्या आत आला तो यानंच. ऱ्योबाचं एक दुखणंही यातून आवरतं. पातं खोल शिरलं की वरच्या कडेचे आडव्या कापाचे दात कापाच्या भिंतींना घासतात आणि ओरखडे उमटतात. एक इंच जाडीला, तिरपं धरून, हे फारसं होत नाही. जाड लाकडाला होणार.

तिसरी गोष्ट बसणं. मी आधी टेबलाला फळी शिकंज्यात पकडून उभ्यानं कापत होते. आमची गॅलरी चार फुटी, उजवा कोपर भिंतीला लागायचा आणि दर ओढीला मनगट थोडं वळायचं. तो दीड मिमी तिथूनही आलेला असणार. एके रात्री आबा आले, चौरंग मांडला, त्यावर फळी ठेवली, स्वतः खाली बसले, डाव्या पायानं फळी दाबली आणि दोन्ही हातांनी मूठ धरून ओढायला लागले. या वेळी ढकललं नाही. लांब मूठ दोन हातांसाठीच असते हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. पातं नाकाच्या रेषेत, दोन्ही कोपर अंगाजवळ, नजर पात्याच्या बरोबर वर, म्हणजे डावी-उजवी दोन्ही बाजू सारखी दिसते. जपानी सुतारही बुटक्या ठोकळ्यावर लाकूड ठेवून पायानंच दाबतात. आबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “मग त्यात जपान कशाला पायजे? माझा बा असाच बसायचा.”

एका पट्टीला मला आठ ते दहा मिनिटं लागतात. दोन फूट, एक इंच जुना साग. आबांच्या करवतीनं आबांना चार. घाई करून बघितली, म्हणजे पात्यावर वरून दाब दिला. तेव्हा काप भरकटतो, दुसरं काही होत नाही. या करवतीला स्वतःच्या वजनाएवढाच दाब पुरतो. दमून जोर लावायला लागलात की समजा आता चहा करायची वेळ झाली.

रात्री कापायला मात्र ही गुणाची. दार लावलं की आतल्या खोलीत टीव्ही बघणाऱ्यांना ऐकू येत नाही. तक्रार आली ती आवाजाची नाही, भुश्याची. ओढून कापायचं म्हणजे भुसाही आपल्याकडे येतो, आपल्या मांडीवर, रेघेवर आणि गॅलरीच्या कठड्यातून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर. रेघ दर चार ओढींनी फुंकावी लागते. हा या जातीच्या करवतीचा खरा त्रास आहे आणि त्याला उपाय नाही. ढकलणारी करवत भुसा पलीकडे टाकते. काकूंसाठी मी आता खाली जुनं बेडशीट बांधते.

आणि खिळा. दुसऱ्या फळीचा तिसरा काप चालला होता, अर्ध्यावर. टक् असा आवाज झाला, हाताला झटका बसला. पातं काढून बघितलं तर दोन दात टोकापासून गायब, तिसरा अर्धा. फळीत आत, पूर्ण बुजलेला, डोकं तुटलेला जुना खिळा. आबा बघायला आले. फळीच्या पृष्ठभागावर खिळ्याच्या जागी रुपयाएवढा निळसर काळा डाग होता. मला तो पुराच्या पाण्याचा वाटला होता, असे डाग सगळीकडेच होते. आबांनी बोट ठेवलं. “पाण्याचा डाग पसरट आस्तो. ह्यो बघ, रेघेबरोबर लांब गेलाय, वर-खाली टोकं काढल्यात. आत लोखंड हाय म्हणून सांगतोय त्यो.” सागात जे कषाय द्रव्य (टॅनिन) असतं त्याचा ओल्या लोखंडाशी संबंध आला की काळं उमटतं आणि ते तंतूंच्या वाटेनं झिरपतं. पुरात भिजल्यामुळे आमच्या फळ्यांत तर ते ठळकच उमटलेलं होतं. चित्र समोर होतं, मला वाचता आलं नाही. आता मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवते. दोरा जिथं हलतो तिथं खडूची खूण. दुसऱ्या फळीत आणखी दोन निघाले. पटाशीनं उकरून काढले.

दात तुटल्यावर आबांचा खरा आक्षेप बाहेर आला, आणि तो मला पटतो. त्यांनी तिकोनी कानस आणली, करवत दोन फळकुटांत दाबली आणि उरलेल्या दातांना धार लावायला बसले. कानस घसरली. परत घासली, परत घसरली. दातावर ओरखडासुद्धा नाही. दातांच्या कडेला निळसर पट्टा दिसतो ना, तिथपर्यंत ते विजेच्या झटक्यानं तापवून कडक केलेले असतात. धार जास्त दिवस टिकते, पण कानशीला दाद देत नाहीत, आणि कडक म्हणून ठिसूळही. धार गेली की पातं टाकायचं, मुठीतून काढून नवीन बसवायचं. जपानात पूर्वी हातानं दात घासून, पातं ठोकून सरळ करून देणारे वेगळे कारागीर असत, अजूनही थोडे आहेत, आणि कानशीला मानणारी पाती अजूनही मिळतात, पण ती महाग, आणि सांगलीत ती घासून देणार कोण?

आबा कानस ठेवून म्हणाले, “धार लावता येत न्हाई ते हत्यार कसलं? ती वस्तू झाली.” त्यांची स्वतःची करवत 1983 ची. इतक्यांदा घासली आहे की पातं मूळच्या निम्म्या रुंदीचं उरलंय. नवीन जपानी पातं एकोणीसशे रुपयांना पडतं. तेवढ्यात आपली साधी करवत चार येतील. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की, मला करवतीचे दात घासता येत नाहीत, अजून दोन वर्षं तरी येणार नाहीत, आणि आबा आता 78 चे आहेत.

लाकडाबद्दल. ही करवत मुळात हिनोकी, सुगी असल्या मऊ सूचिपर्णी लाकडांवर वाढलेली. सागात सिलिका असते, ती कुठल्याही हत्याराची धार खाते. अकरा पट्ट्या, वरची काही किरकोळ कामं, एवढ्यात उभ्या कापाची कड आता जाणवेल इतकी बोथट झाली आहे. मिरजेतून एका ओळखीच्या सतारकाम करणाऱ्यांकडून तुणाच्या लाकडाचा तुकडा आणला होता, त्यात ती लोण्यासारखी गेली, एक रेघ इकडे नाही तिकडे नाही. आणि बाभळीचा ठोकळा घेतला त्यात पाच मिनिटांत मी नाद सोडला. बाभळीला ही घालू नका. प्लायवूडला आडव्या कापाची कड वापरली, कड फाटत नाही, पण प्लायमधला डिंक दातांना बाधतो असं वाटलं. पात्यावर सागाचा चिकटा बसतो, रॉकेलचा बोळा फिरवला की जातो. पावसाळ्यात मशीनच्या तेलाचा हात द्यायलाच हवा. एकदा चार दिवस विसरले तर मुठीजवळ तांबूस ठिपके आले.

मग घ्यावी का? फ्लॅटमध्ये राहत असाल, रात्री काम करत असाल, इंचभर जाडीच्या आणि दोन-अडीच फुटांपर्यंतच्या पट्ट्या मोजून काढायच्या असतील, लाकूड वाया जाणं जिवावर येत असेल, तर जरूर. 240 चीच घ्या, पहिल्यांदा 300 ची घेऊ नका, लांब पातं नवख्या हातात जास्त लचकतं. सहा फुटी फळी उभी चिरायची असेल तर वखार बरी. दोन इंचांपेक्षा जाड चौकटीचं लाकूड असेल तर जाड पात्याची आपली करवत आणि तरुण खांदा. आणि खतावणी, गुण्या, लोहचुंबक यांवर तीनशे रुपये खर्च करायची तयारी नसेल तर ही करवत घेऊन काही उपयोग नाही, पहिल्या पट्टीलाच माझ्यासारखं व्हायचं.

मांडणी झाली. अकराच पट्ट्या लागल्या. दीड मिमी बाक असलेली बारावी मी टाकली नाही, तिचा लाटणं टांगायचा दांडा केला. सात नंबरच्या पट्टीत, दुसऱ्या कप्प्याला, तुटक्या दातांची खूण आहे. दर बोटभर अंतरावर एक बारीक ओरखडा. रंधा मारून घालवता आला असता, पण एक मिमीचं बजेट संपलं होतं. बरण्या ठेवल्या की दिसत नाही.

नवीन पातं मागवलंय, येत्या आठवड्यात येईल. जुन्याचं काय करायचं ते आबांनी ठरवलेलं दिसतं. लाकूड गुळगुळीत करायला ते आजवर फुटक्या काचेचा तुकडा वापरायचे, आणि या पात्याचा मधला पत्रा, दातांचा कडक पट्टा सोडून, कानशीला मऊ लागतो हे त्यांनी मी ऑफिसात असताना तपासून ठेवलंय. काल पत्रा कापायची कात्री कुणाकडून तरी आणून देव्हाऱ्याच्या खाली ठेवली आहे. मला विचारलं फक्त एवढंच, “तुझी ती उसाची पात टाकून न्हाई ना देणार?”